बटाट्याच्या प्रत्येक भाजीसाठी कुकर लावावा का?

मूळ मत

बटाट्याची भाजी करायची म्हणजे आधी कुकरच्या तीन शिट्ट्या काढायच्या, ही रीत आता इतकी सरसकट झाली आहे की उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या परतून त्यांनाच काचऱ्या म्हणून वाढलेले मी अनेक घरांत पाहिले आहे. या रीतीला माझा स्पष्ट विरोध आहे. बटाटेवडा, पुरीबरोबरची पिवळी भाजी आणि पराठ्याचे सारण एवढे पदार्थ सोडले, तर रोजच्या पोळीबरोबर खायचा बटाटा कच्चाच चिरावा, फोडणीस टाकावा आणि झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवावा.

कुकरमधले तापमान १२० अंश सेल्सियसच्या आसपास जाते. त्या उष्णतेत बटाट्याच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारे पेक्टिन झपाट्याने सुटते, आणि मग अशा फोडी कढईत दोनदा हलवल्या की त्यांच्या कडा विरघळून सगळ्या भाजीवर पिठूळ लेप बसतो. कच्च्या फोडींचे तसे होत नाही. त्या चिरून पाण्यात टाकल्या की वरचा मोकळा स्टार्च धुतला जातो, नीट निथळून पुसून घेतल्या की मोहरी, हिंग, हळदीच्या फोडणीत त्यांना सोनेरी कड येते. झाकणावरच्या पाण्यामुळे झाकण आतून गार राहते, वाफेचे थेंब होऊन ते पुन्हा भाजीतच पडतात, आणि त्यामुळे वरून पाणी घालावे लागत नाही. माझी आजी याच पद्धतीने भाजी करीत असे, आणि त्या भाजीला बटाट्याची स्वतःची चव असे. उकडलेल्या बटाट्याच्या भाजीत मला केवळ फोडणीची चव लागते.

प्रतिसाद १ : असहमत

आपण उकडलेल्या बटाट्यावर अन्याय करीत आहात. बटाटा सालासकट, न चिरता, वरणभाताच्याच कुकरमध्ये वरच्या भांड्यात पाणी न घालता ठेवला, तर तो पाणी पीत नाही, त्यातले क जीवनसत्त्व पाण्यात उतरून वाया जात नाही आणि त्याच्यासाठी वेगळा गॅसही लागत नाही. याउलट आपण सांगता त्याप्रमाणे चिरलेल्या फोडी पाण्यात घालून ठेवल्या, तर ते जीवनसत्त्व काही प्रमाणात तिथेच उतरते.

दुसरे असे की, ज्या पिठूळ लेपाला आपण दोष मानता तोच काही भाज्यांचा प्राण आहे. उपासाच्या भाजीत तूप, जिरे, हिरवी मिरची आणि दाण्याचे कूट त्या किंचित मोडलेल्या कडांनाच धरून राहते. कच्च्या बटाट्याच्या टणक फोडींवरून कूट घसरून ताटलीच्या तळाशी बसते. माझ्या सासूबाईंना दातांचा त्रास आहे, त्यामुळे मऊ भाजी ही आमच्या घरची रोजची गरज आहे. ज्या घरात सकाळी सात वाजता तीन डबे भरायचे असतात तिथे आदल्या रात्री उकडून ठेवलेले बटाटे किती उपयोगी पडतात, हेही कृपया विचारात घ्यावे.

प्रतिसाद २ : वाद पद्धतीचा नाही, बटाट्याचा आहे

आपण दोघेही बटाटा एकच आहे असे धरून बोलत आहात. नुकता काढलेला नवा बटाटा पाणीदार असतो, त्याचे साल नखाने निघते आणि उकडला तरी तो सहसा फुटत नाही. म्हणून दम आलूला किंवा रश्शाला तो उत्तम. जुना, पिठूळ बटाटा उकडला की फुलतो, आणि वड्याच्या सारणाला तोच हवा.

काचऱ्यांच्या बाबतीत शीतगृहातल्या किंवा घरच्या फ्रिजमधल्या बटाट्याकडे विशेष लक्ष द्यावे. थंडीत स्टार्चची साखर होते, त्यामुळे अशा काचऱ्या आतून शिजण्याआधीच बाहेरून काळपट होतात आणि गोड लागतात. याला केवळ चवीचा प्रश्न समजू नये: १२० अंशांच्या वर तळताना किंवा भाजताना हीच साखर आणि बटाट्यातले अस्पॅराजिन हे अमिनो आम्ल यांच्यापासून अ‍ॅक्रिलामाइड हे घातक मानले जाणारे द्रव्य तयार होते, हे स्वीडनमधील संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिले. म्हणून बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नयेत आणि काचऱ्या सोनेरी झाल्या की थांबावे. कुफरी चिपसोना हे वाण वेफर्ससाठी काढले गेले, त्यामागेही साखर कमी असणे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

प्रतिसाद ३ : मूळ मताशी सहमत, एका दुरुस्तीसह

मी गोव्यात राहते. आमच्याकडे सकाळच्या पावाबरोबरची सुकी भाजी उकडलेल्या बटाट्याचीच असते, तेव्हा तिथे कुकरला पर्याय नाही. मात्र रव्यात घोळवून तव्यावर भाजलेले काप कच्च्या बटाट्याचेच हवेत.

दुरुस्ती अशी की, कच्चा बटाटा शिजवताना आमसूल, चिंच किंवा टोमॅटो सुरुवातीस घालू नये. आंबटपणामुळे पेक्टिन सुटत नाही आणि फोडी बराच वेळ शिजवूनही कडक राहतात. मी स्वतः एकदा टोमॅटोच्या रश्शात कच्च्या फोडी घातल्या होत्या. पाऊण तासानंतरही त्या दाताखाली करकरत होत्या आणि पाहुणे पानावर बसले होते. आंबट नेहमी बटाटा शिजल्यावरच घालावे.

मूळ लेखकाचे उत्तर

उपासाच्या भाजीबद्दलचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे; ती माझ्या अपवादांच्या यादीत असायला हवी होती. वरणभाताबरोबर बटाटा ठेवल्यास गॅस वाचतो हेही खरे आहे, आणि फोडी पाण्यात फार वेळ ठेवू नयेत, चिरताच धुऊन काढाव्यात, एवढा बदल मी करीन. काचऱ्यांच्या बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही. उकडलेल्या चकतीचा सगळा स्टार्च आधीच फुललेला असतो. ती तेलात टाकली की मोडते किंवा तव्याला चिकटते, आणि कडेला कुरकुरीत व मध्ये मऊ असा काचरीचा पोत तिला येत नाही.

प्रतिसाद १ : पुन्हा

काचऱ्या आपल्या. मी येत्या रविवारी कच्च्या बटाट्याच्या करून पाहीन, मात्र सासूबाईंसाठी चकत्या अगदी पातळ चिरीन आणि झाकण पाच मिनिटे जास्त ठेवीन. डब्याच्या भाजीचा बटाटा आमच्याकडे कुकरमध्येच शिजेल.