मदत हवी आहे : नर्सिंगच्या सीनियर-ज्युनियर जोड्या पाळी बदलली की तुटतात

नमस्कार मंडळी. सोलापुरात जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आणि बीएस्सी नर्सिंगच्या मुलामुलींसाठी आधार-जोड्या लावायच्या आहेत. एका सीनियरकडे दोनच ज्युनियर, आठवड्यातून एकदा 20 मिनिटं, तेही ड्युटीनंतर काहीतरी खाऊन झाल्यावर. उपाशीपोटी कुणी मनातलं बोलत नाही.

अडचण अशी की पोस्टिंग बदललं की एक सकाळपाळीत, दुसरी रातपाळीत, आणि जोडी कागदावरच उरते. मग जोड्या वॉर्डावरून लावाव्यात की होस्टेलच्या मजल्यावरून? अक्कलकोटकडच्या कन्नड बोलणाऱ्या मुलींना शक्यतो कन्नड येणारीच ताई द्यावी, असं वाटतं. हजेरी किंवा केसबुक तपासणारी सीनियर मात्र नकोच. तिच्यापुढे ज्युनियर तोंड उघडत नाही.

सीनियरला दोन गोष्टी पक्क्या सांगणार आहोत. सुई टोचली तर जखम दाबायची नाही, साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची, लगेच इन्चार्ज सिस्टरला सांगायचं. एचआयव्ही प्रतिबंधक औषध लागलं तर ते शक्यतो 2 तासांत, फार तर 72 तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. ओरडा बसेल म्हणून मुली लपवतात आणि तिथेच वेळ जातो. दुसरं, कुणी जीव नकोसा झाल्याचं बोललं तर ते गुपित ठेवायचं नाही, एकटं सोडायचं नाही, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावून द्यायचा.

वॉर्डात पहिला मृत्यू पाहिलेल्या ज्युनियरशी त्याच दिवशी बोलावं की झोप झाल्यावर? अशा जोड्या चालवलेल्या ट्यूटर आणि सिस्टर्सनी कृपया सविस्तर सांगा.