एअरब्रश : बारीक ठिपक्यांसाठी प्रेशर किती ठेवू?

सांगलीचा_पोरगा

नमस्कार मंडळी. तामिया कंपनीचं १/४८ मापाचं, मेसरश्मिट बीएफ १०९ जी-६ या जर्मन लढाऊ विमानाचं प्लॅस्टिक मॉडेल करतोय. खालचा फिकट निळसर करडा २० पीएसआय प्रेशरवर छान बसला. आता धडाच्या दोन्ही बाजूंना गडद करड्याचे विरत जाणारे ठिपके मारायचेत. आधी कागदावर मारले, अगदी हवे तसे आले. तेच विमानावर मारले तर एकेका ठिपक्यातून कोळ्यासारख्या तंगड्या फुटल्या. प्रेशर १०वर आणलं तर नुसत्या चिळकांड्या उडतात. ०.३चं नॉझल, डबल अ‍ॅक्शन (ट्रिगर दाबला की हवा, मागे ओढला की रंग), टाकीवाला छोटा कंप्रेसर. रंग तामियाचा अ‍ॅक्रिलिक, थिनर एक्स-२०ए, निम्मंनिम्म. नेमका आकडा सांगा, उद्या सकाळी पुन्हा बसणार आहे.

नाशिकचा_मिगवाला

आकडा सांगतो, पण त्याआधी थिनर. तुझ्या दोन्ही तक्रारी एकाच ठिकाणाहून येतायत. निम्मंनिम्म रंग मोठ्या भागाला, २० पीएसआयला ठीक आहे. १०ला तेवढी हवा त्या दाट रंगाचं तुषार करूच शकत नाही, म्हणून चिळकांड्या. आणि २०ला जवळ गेलास की ओला रंग बसायच्या आत हवाच त्याला ढकलते, म्हणून तंगड्या. प्रेशर उतरवायचं तर रंगही पातळ करावा लागतो. एक भाग रंग, दोन भाग थिनर कर आणि १२वर ये. तरीही थुंकला तर अर्धा भाग थिनर आणखी घाल, प्रेशर वाढवू नकोस.

हा १२ बघायचा कसा, तेही सांगतो. ट्रिगर दाबून हवा सुटत असताना काटा बघ. बंद ब्रशला २० दाखवणारा काटा दाबल्यावर चार-पाचने सहज खाली येतो. दुसऱ्याचा आकडा तुला जुळत नाही तो बहुतेक वेळा यामुळेच.

कागदावर चाचणी मात्र सोड. कागद रंग पितो, त्यामुळे तिथे तंगड्या दिसतच नाहीत. प्लॅस्टिकच्या चमच्याला तोच प्रायमर, वर तोच निळसर रंग मार, आणि वाळल्यावर चमच्याच्या फुगीर पाठीवर ठिपके मारून बघ. विमानाचं धडही तसंच गोल असतं. मी हे न करता थेट मिग-२१च्या पंखावर गेलो होतो. ओझरला ती विमानं बनायची, लहानपणी डोक्यावरून जाताना बघितलेली, म्हणून पहिलं मोठं मॉडेल तेच घेतलं होतं. अख्खा पंख घासून काढावा लागला, आणि घासताना पॅनलच्या रेषाही गेल्या. अजून हळहळ वाटते.

हात दोन-तीन सेंटिमीटरवर. आधी हवा सोड, मग ट्रिगर केसभर मागे. थांबताना रंग आधी बंद, हवा नंतर. एका ठिपक्यावर रेंगाळू नकोस, तीन-चार हलक्या फेऱ्यांत गडद होऊ दे. ठिपका मोठा झालाच तर खालचा निळसर रंग तेवढाच पातळ करून त्याच्या कडा आत घे. मूळ विमानांवरचे ठिपकेही सारखे नव्हते, त्यामुळे हे उलट खरं दिसतं.

चिपळूणकर

वरचं सगळं पटलं. एक भर. पावसाळ्यात रंगवत असशील तर टाकीतलं पाणी आधी काढ. आमच्याकडे जुलैत अर्ध्या तासात नळीत थेंब जमतात आणि ऐन ठिपक्यात पाणी उडतं. मी कंप्रेसरवरच्या पाणी अडवणाऱ्या ट्रॅपशिवाय एक छोटा ट्रॅप ब्रशच्या अगदी खाली लावलाय.

ठाण्याची_ताई

हे आकडे तामियासाठी आहेत, व्हॅलेहो कंपनीच्या रंगाला तसेच लावू नका. तो पाण्यावरचा, १२ला सुईच्या टोकावर वाळून बसतो. मी १५-१८ ठेवते, दोन थेंब फ्लो इम्प्रूव्हर (रंग वाहता ठेवणारं द्रव्य) घालते आणि दर काही मिनिटांनी ओल्या कापसाच्या काडीने टोक पुसते. आणि पोरा, खिडकी उघडी ठेव, मास्क वाफ अडवणाऱ्या कार्ट्रिजचा घे. एन-९५ धूळ अडवतो, थिनरची वाफ नाही.

सांगलीचा_पोरगा

काका, चार चमचे संपवले. एकास दोनला १२वर अजून थुंकत होता, एकास अडीचला थांबला. ट्रिगर दाबून बघितलं तर माझा कालचा १० खरं तर ७ होता! डावी बाजू झाली, दोन ठिपके निळसर रंगाने आत घेतले. ताई, मास्क मागवलाय, तो आला की उजवी बाजू.