पेशीच्या अभ्यासात क्वांटमचे ऑपरेटर कशाला? पीएचडीच्या विषयासाठी विचारतेय

विश्रामबागकर
नमस्कार. सांगलीत तासिका तत्त्वावर गणित शिकवते. पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा) सुटली, आता सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) द्यायचाय. ओढा ऑपरेटर थिअरीकडे, म्हणजे एका फलनाचं दुसरं फलन करणाऱ्या क्रियांच्या गणिताकडे. परवा स्टाफरूममध्ये मायक्रोबायोलॉजीच्या मॅडमनी एक पेपर पुढ्यात टाकला. ई. कोलाय जिवाणूत एका जनुकाचे एमआरएनए (प्रथिन बनवायला निघालेल्या जनुकाच्या नकला) किती असतील याचा हिशोब, आणि त्यात चक्क क्वांटममधले कण एकाने वाढवणारे-घटवणारे निर्मिती आणि नाश ऑपरेटर! ओळीओळीचं गणित कळलं. ते तिथे काय करतंय ते कळलं नाही.

माझी धास्ती वेगळीच आहे. तासगावला आमची द्राक्षबाग आहे. मागे बाबांनी एका प्रदर्शनातून 'क्वांटम ऊर्जा' लिहिलेली बाटली आणली, म्हणे वेलीच्या पेशी जाग्या होतात. वेलींना काही पत्ता लागला नाही. तेव्हापासून घरात तो शब्द निघाला की हशा. 'क्वांटम ऑपरेटर आणि पेशी' असं काही घेऊन गेले तर गाइड सरांना मी त्याच पंगतीतली वाटेन. तर हे क्वांटम आहे का? आणि नसेल, तर माझ्यासारखीला करण्याजोगं गणित त्यात उरतं का?

अजिंक्यतारा
ताई, क्वांटम नाही. गणित मात्र ढीगभर आहे.

ताटलीत 5 बेदाणे आहेत. त्यातला एक उचलायचा तर 5 प्रकारे उचलता येतो. मग त्या जागी एक नवीन टाका. आता उलटं करा: आधी एक टाका, मग उचला. आता 6 प्रकार झाले. शेवटी ताटलीत 5च, पण क्रम बदलल्यावर एकाचा फरक पडला. तो एक म्हणजेच आपला कम्युटेटर. त्याला क्वांटमच्या सूत्रांतला प्लँकचा स्थिरांक लागत नाही, मोजता येणाऱ्या वस्तू पुरतात. तुमच्या भाषेत, 5 बेदाणे म्हणजे क्ष चा पाचवा घात, क्ष ने गुणणं म्हणजे भर, क्ष च्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह म्हणजे उचल. रासायनिक अभिक्रियांसाठी हे 1976 मध्ये दोई यांनी मांडलं, पुढे 1985 मध्ये पेलिटी यांनी त्यावर पाथ इंटिग्रल (सगळ्या संभाव्य वाटांची बेरीज) उभा केला.

फरक कुठे? क्वांटममध्ये प्रत्येक स्थितीपुढचा सहगुणक कॉम्प्लेक्स असतो आणि त्याच्या मापाचा वर्ग घेतला की शक्यता मिळते. इथे सहगुणक हीच शक्यता. ऋण संख्या नाही, म्हणजे दोन वाटा एकमेकींना खोडत नाहीत, म्हणजे इंटरफेरन्स नाही. म्हणून तुमची जागा एल-टू (जिथे वर्गांची बेरीज मर्यादित) नव्हे, एल-वन (जिथे नुसत्या मापांची बेरीज मर्यादित).

ही उठाठेव कशासाठी, तर पेशीत रेणू थोडे असतात. एमआरएनए ठरावीक दराने बनतोय, प्रत्येक रेणू आपल्या दराने मोडतोय, एवढंच धरलं तर शेवटी पॉयसाँ वितरण मिळतं, म्हणजे नुसत्या सरासरीवरून प्रत्येक संख्येची शक्यता ठरते. सरासरी 2 असेल तर शंभरातल्या 13-14 पेशींत त्या जनुकाचा एकही एमआरएनए नसतो. 'सरासरी 2' असं साधं समीकरण लिहून बसलात तर या रिकाम्या पेशी दिसणारच नाहीत.

पेशीपुराण
अजिंक्यतारा सरांचं बरोबर, पण पॉयसाँवर थांबू नका. 2005 मध्ये गोल्डिंग आणि सहकाऱ्यांनी जिवंत ई. कोलायमध्ये एकेक एमआरएनए मोजला. जनुक नळासारखं एका धारेने चालत नाही. काही वेळ बंद, मग एकदम झोत. त्यामुळे विचलन पॉयसाँपेक्षा जास्त येतं. जनुक चालू-बंद होण्याचा ऑपरेटर वेगळा जोडावा लागतो.

आणि पेशीत खरं क्वांटमही आहे, त्याला बाटलीच्या रांगेत बसवू नका. 1966 मध्ये डीव्हॉल्ट आणि चान्स यांनी क्रोमॅटियम या प्रकाशसंश्लेषी जिवाणूत सायटोक्रोम या इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या प्रथिनातून इलेक्ट्रॉन जाण्याचा वेग मोजला. गार करत गेलं की वेग घटत गेला, पण साधारण 100 केल्व्हिनच्या खाली घटायचा थांबला. उष्णतेच्या जोरावर चढण पार करायची असती तर तो घटतच राहिला असता. टनेलिंगचा, म्हणजे चढण न चढता तिच्यातून आरपार जाण्याचा, हा भक्कम पुरावा.

याउलट 2007 चा गाजलेला प्रयोग. हरित गंधक जिवाणूच्या प्रकाशाची ऊर्जा पुढे पोचवणाऱ्या एफएमओ प्रथिनात 77 केल्व्हिनला लांबलेले क्वांटम ठोके (संकेतातले नियमित चढउतार) दिसले, आणि झाडं क्वांटम संगणक चालवतात इथपर्यंत बातम्या गेल्या. नंतरच्या कामातून ते ठोके मुख्यतः रेणूंच्या कंपनांचे ठरले. माझ्या मते या क्षेत्रात तापमान न सांगता कुणी 'क्वांटम' म्हणालं की तिथेच थांबावं.

द्राक्षवाला_पलूस
बाकी सगळं डोक्यावरून गेलं. बाबांना सांगा, बाटलीवर घटक छापलेले नसतील तर हात लावायचा नाही. डाऊनी रोगाला आमचा मोरचूद-चुना अजून चालतोय.

विश्रामबागकर
आभार सगळ्यांचे. दादा, निरोप पोचवते.

सर, एल-वन म्हटलंत आणि माझी हत्यारंच गेली की! सेल्फ-अ‍ॅडजॉइंट नाही, स्पेक्ट्रल थिअरम नाही, म्हणजे ऑपरेटर सममित नाही आणि त्याच्या आयगेनव्हॅल्यू (काही खास फलनांना तो ज्या पटीने नुसतं ताणतो ते आकडे) वास्तव निघतील याची हमी नाही. मग मी करू काय?

अजिंक्यतारा
सगळी गेली नाहीत. बनणं-मोडणं एवढ्याच साध्या साखळीला पॉयसाँचं वजन लावून एल-टूमध्ये न्या. ऑपरेटर सेल्फ-अ‍ॅडजॉइंट होतो, आणि आयगेनव्हॅल्यू 0, वजा गॅमा, वजा दोन गॅमा अशा समान अंतरावर येतात, हार्मोनिक ऑसिलेटरसारख्या. गॅमा म्हणजे मोडण्याचा दर.

पण खरी मजा वजनाबाहेर आहे. गणिती कातो यांचं नाव तुम्हाला अणूच्या हॅमिल्टोनियनमुळे (ऊर्जेच्या ऑपरेटरमुळे) माहीत असेल, 1951. त्यांनीच 1954 मध्ये कोल्मोगोरोव्ह समीकरणांच्या (शक्यता काळानुसार कशा बदलतात ते सांगणाऱ्या) सेमीग्रुपवर, म्हणजे वेळ पुढे नेणाऱ्या ऑपरेटरांच्या कुटुंबावर, पेपर लिहिला. तुमचा विषय त्या पेपरच्या दारात उभा आहे. जन्माचा दर संख्येच्या वर्गासारखा वाढला, म्हणजे दोघांनी मिळून तिसरा जन्माला घालायचा असला, तर मर्यादित वेळात संख्या अनंताला जाते आणि शक्यतांची बेरीज 1 पेक्षा कमी भरते. गळती! कोणत्या दरांना गळती होत नाही, हा शुद्ध ऑपरेटर थिअरीचा प्रश्न आहे. गाइडसमोर 'क्वांटम' शब्द काढूच नका. 'अमर्याद ऑपरेटर आणि सेमीग्रुप' म्हणा.

विश्रामबागकर
मग हे बघा. एकमेकांना दाबणारी दोन जनुकं. पहिल्याचा जन्मदर: 1 भागिले (1 अधिक दुसऱ्याचे रेणू). दुसऱ्याचा तसाच, उलट. मोडण्याचा दर दोघांना सारखा. जन्मदर 1 च्या वर जातच नाही, म्हणजे गळती नाही. बरोबर? आणि याला वजन लावून सेल्फ-अ‍ॅडजॉइंट करता येईल का?

अजिंक्यतारा
गळती नाही, बरोबर. वजनाचं मात्र जमणार नाही. पहिल्याचे 0, दुसऱ्याचा 1 रेणू इथून चौकोनात फेरी मारा: आधी पहिला वाढवा, मग दुसरा, मग पहिला घटवा, मग दुसरा. जन्मदरांचा गुणाकार 1/4. तीच फेरी उलटी मारली की 1/3. मोडण्याचे दर दोन्हीकडे तेच, ते कटले. गुणाकार जुळत नाहीत तिथे कोणतंही वजन लावलं तरी सिमेट्री येत नाही. तेव्हा आयगेनव्हॅल्यू वास्तवच निघतील असं गृहीत धरू नका. सिनॉप्सिसचा पहिला प्रश्न हाच घ्या.