माइलाटा: लॉटरी लागली की पोराने कमावलं?

फिलीतला_पक्या:
काल जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात वाद झाला, अर्धवट राहिला म्हणून इथे आणतोय. एक जण म्हणाला ईगल्सला (फिलाडेल्फियाची अमेरिकन फुटबॉल टीम) जॉर्डन माइलाटा मिळाला ही निव्वळ लॉटरी. मला अजिबात पटलं नाही. सिडनीतल्या सामोअन घरातला पोरगा, रग्बी लीग खेळलेला, अमेरिकन फुटबॉलची एकही मॅच नाही, 2018 च्या ड्राफ्टमध्ये (टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) सातव्या राउंडला 233 वा पिक. पुढची दोन वर्षं एनएफएल सीझनच्या मॅचमध्ये एक स्नॅपसुद्धा (एक डावही) नाही, दोन्ही सीझनला पाठ दुखावली आणि गेला इंजर्ड रिझर्व्हवर, म्हणजे जखमींच्या यादीत. लोक म्हणतात ती वर्षं वाया गेली, माझ्या मते तो लेफ्ट टॅकल (लाइनच्या डाव्या टोकाला उभा राहून समोरच्याला अडवणारा) झाला तो त्याच दोन वर्षांत.

विक्रम_जर्सीसिटी:
मेहनत कोण करत नाही रे? 6 फूट 8 इंच उंची, दीडशे किलोच्या वर वजन आणि तरी 40 यार्ड 5.12 सेकंदांत. हे काय कोचने शिकवलं? आणि संधी कशी मिळाली तेही लिही की. 2020 च्या ऑगस्टमध्ये ईगल्सचा लेफ्ट टॅकल आंद्रे डिलार्डचा बायसेप फाटला, मग 38 वर्षांच्या जेसन पीटर्सला गार्डवरून (लाइनवरची टॅकलशेजारची जागा) लेफ्ट टॅकलला सरकवला, तोही जखमी झाला, तेव्हा कुठे 4 ऑक्टोबरला सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सविरुद्ध याचा नंबर लागला. पुढचे दोघं आडवे झाले म्हणून हा उभा राहिला.

मंजिरी_पीए:
माझा मुलगा इथे हायस्कूलच्या टीममध्ये लाइनवर खेळतो म्हणून बोलते. रोज संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये सोफ्यापासून फ्रीजपर्यंत उलटा सरकत असतो, गुडघे वाकवून, डावा पाय मागे, उजवा त्याच्यामागे घासत, पाय एकमेकांना लागू द्यायचे नाहीत आणि कंबर वर येऊ द्यायची नाही. वर्ष झालं, अजून कोच ओरडतोच. रग्बीत बॉल घेऊन पुढे घुसायचं, इथे बॉलला हात लावायचा नाही आणि मागे जाता जाता समोरच्याला अडवायचं. म्हणजे माइलाटाला बाराखडीपासून सुरुवात होती. नुसत्या अंगापिंडाने ते होत नाही, मी तर ईगल्सचा तेव्हाचा लाइन कोच जेफ स्टाउटलंड याला जास्त मार्क देईन.

विक्रम_जर्सीसिटी:
मंजिरीताई, कोच चांगला मान्य. पण ख्रिश्चन वेड आठवतो का? तोही रग्बीतून, माइलाटासारखाच एनएफएलच्या परदेशी खेळाडूंच्या प्रोग्रॅममधून आलेला, 2019 च्या प्रीसीझनला (सीझनआधीच्या सराव मॅचमध्ये) बफेलोकडून पहिल्यांदा बॉल हातात आला आणि थेट 65 यार्डांचा टचडाउन. नंतर खऱ्या सीझनची एक मॅचसुद्धा नाही मिळाली. मेहनत त्याची कमी होती का?

फिलीतला_पक्या:
अरे पण वेड रनिंग बॅक, बॉल घेऊन पळणारा! ते दरवर्षी ड्राफ्टमध्ये ढिगाने मिळतात, त्यांच्यासाठी दोन वर्षं कोण थांबतंय. एवढ्या उंचीचा आणि पाय हलणारा टॅकल कुठे मिळतो, म्हणून टीम थांबली. आणि डिलार्डचं म्हणशील तर तो 2019 चा पहिल्या राउंडचा, 22 वा पिक, त्याच्यासाठी ईगल्सने ट्रेड करून वर उडी मारलेली. 2021 च्या सीझनआधीच्या कॅम्पला तो बरा होऊन आला होता ना? जागेसाठी दोघांत सरळ लढत लावली आणि माइलाटाने जागा घेतली. सप्टेंबरमध्ये 4 वर्षांचं 6.4 कोटी डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट, तेही फक्त 10 मॅच सुरुवातीपासून खेळल्यावर. लॉटरीवाल्याला कोणी एवढे पैसे देतं का राव?

मंजिरी_पीए:
+1. आणि कॉलेजात लागलेल्या चुकीच्या सवयी मोडायच्या नव्हत्या, हाही फायदाच की.

विक्रम_जर्सीसिटी:
कोऱ्या पाटीचं कौतुक आता चाललंय, ताई, कारण पाटीवर चांगलं उमटलं. लढत त्याने जिंकली, त्यात वाद नाही. पण 2020 ला पाठ तिसऱ्यांदा गेली असती तर पक्या आज डिलार्डवर धागा काढून बसला असता. माझं मत तेच.