‘शेरनी’त आपली पऱ्हाटी कुठाय?

कापूसकोंड्या:
काल पुन्हा शेरनी सिनेमा पाह्यला, 2021 चा. सगळे म्हणते आपल्या पांढरकवड्याच्या टी-1 वाघिणीवरून, म्हणजे अवनीवरून काढला, तिथं टी-12 केली अन शूटिंग मध्यप्रदेशात. वाघीण ठीक हाय, पण पऱ्हाटी, आपलं कापसाचं पीक, कुठाय राजेहो? 13 जणं गेले असं वनखात्याचं म्हणणं, त्यात कितीतरी तर ढोरं चारताना नाहीतर वावरात गेले. पऱ्हाटी छातीला लागली की आत काय बसलंय दिसत नाही. त्या साली आमची माय 4 वाजताच वेचा सोडून बायांच्या घोळक्यात थाळी बडवत घरी यायची. हे नाही तर मंग सिनेमा कोणाचा?

पुस्तकी_किडा:
भाऊ, अवनी हे नाव सिनेमात कुठं आहे, तुम्हीच जोडताय. झुंड सिनेमातही फुटबॉलवाल्या विजय बारसे सरांचं विजय बोराडे केलं, तेव्हा नागपुरात कोणी ओरडलं का?

कापूसकोंड्या:
नाव बदललं पण नागपूर तर नागपूरच ठेवलं ना बे! पोरं तिथली, बोली तिथली. इथं मात्र गावकरी म्हणजे नुसती गर्दी, अन नायिका फॉरेस्टवाली मॅडम.

राळेगाववाला:
मले तर शिकाऱ्याचं खटकलं. सरळ व्हिलन करून टाकला. अवनीला गोळी घातली त्या 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री खरंच काय झालं, बेशुद्धीचा डार्ट गोळीच्या आधी मारला का नंतर, यावर किती भांडणं झाली, सिनेमात दोन मिनिटात निकाल. अन वाघीण मेल्यावर इकडं फटाके फुटले ते कोण दाखवणार, शहरातल्या प्रेक्षकाला ते पचलं नसतं.

पुस्तकी_किडा:
फटाके दाखवले असते तर तुम्हीच म्हणाले असते आम्हाला क्रूर दाखवलं. दोन तासात सगळ्यांचंच कसं बसवायचं? माझ्या मते जंगल का आटतंय हा मुद्दा बरोबर मांडला, बाकी तपशील चालतो.

वावरवाली:
तपशीलच तर मजेदार होता बावा. अवनीला पकडायला कॅल्विन क्लाइनचा सेंट शिंपडला होता जंगलात! कोण्या लेखकानं मनानं लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते फेकू नको.

कापूसकोंड्या:
हौ ना, तेव्हा माय म्हणे, आमच्या अंगाच्या घामावर येत होती, तिले सेंट कायले पायजे. हा डायलॉग टाका म्हणा कोणीतरी.