भवानी, बोणी आणि सिफ्ताह

इस्तंबूलच्या बाजारात एक शब्द कानावर पडला आणि आमच्या घरातला जुना वाद पुन्हा जागा झाला. इथल्या जाणकारांची मदत हवी आहे.

आम्ही दोघं बडोद्याचे. ह्यांच्या घरी चार पिढ्या बडोदा, माझं माहेर सांगलीकडचं. दुकानदाराला दिवसातली पहिली रोख मिळते, तिला मी भवानी म्हणते. हे आणि सासूबाई बोणी म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा मंगळबाजारात एका भाजीवाल्याला मी सहज विचारलं, "भवानी झाली का?" सासूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, असं कुणा बाईमाणसाबद्दल बोलू नये. त्यांच्या कानाला भवानी म्हणजे "कुठं उंडारत होती ही भवानी" एवढंच ठाऊक!

तर इस्तंबूल. एक दिवस मशिदी-महाल काही पाहायचं नाही, नुसतं बाजारात रमतगमत हिंडायचं, असं आम्ही ठरवलं. तो बुधवार होता. फातिह भागात दर बुधवारी मोठा रस्त्यावरचा बाजार भरतो, नावच चार्शांबा पाझारी, म्हणजे बुधवारचा बाजार. त्या मोहल्ल्यालाही चार्शांबाच म्हणतात, जशी पुण्यात बुधवार पेठ. गल्ल्यांवर ताडपत्र्या ताणलेल्या, खाली ऑलिव्हचे ढीग, चीजचे गोळे, पालक, पडद्यांची कापडं. विक्रेते "गेल अब्ला, गेल" असं ओरडतात. अब्ला म्हणजे ताई, गेल म्हणजे ये. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकलेच.

एका आजींकडून मी सुईकामाची किनार असलेला रुमाल घेतला. त्या किनारीला तिकडे ओया म्हणतात. आजींनी नोट घेतली, हनुवटीला टेकवली, मग कपाळाला लावली आणि म्हणाल्या, "सिफ्ताह." शेजारच्या गाळ्यावरच्या मुलीने इंग्रजीतून अर्थ सांगितला. दिवसाची पहिली विक्री! आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकाच वेळी बोललो. मी भवानी, हे बोणी.

हॉटेलवर आल्यावर शब्द शोधला. सिफ्ताह आला अरबी इस्तिफ्ताहवरून, अर्थ उघडणं, आरंभ. मूळ धातू फ-त-ह : उघडणे, जिंकणे. आपलं फत्ते त्यातलंच. ज्या फातिह भागात आम्ही उभे होतो, त्याचं नावही त्यातलंच : १४५३ मध्ये शहर जिंकणारा सुलतान दुसरा मेहमेद, त्याची पदवी फातिह. आणि आमचं बडोद्यातलं फत्तेगंज? फत्तेही तेच, शिवाय गंज म्हणजे बाजारपेठ. दिवसभर आम्ही एकाच धातूभोवती फिरत होतो म्हणायचं.

तर प्रश्न असा : भवानी हा शब्द देवीवरून आला, की बोहणी-बोणीचं ते मराठी वळण? आणि तुमच्याकडे काय म्हणतात?

प्रतिसाद, इंदूरहून

आमच्याकडे घरातल्या मराठीतही बोहनीच. "अजून बोहनी नाही झाली, उधार मागू नका." मला वाटतं बोहणी आधीचा आणि भवानी त्याचं देवीकडे झुकलेलं रूप. दुकान उघडताना देवाचं नाव तोंडात असतंच. शब्द त्या नावाशी जुळला की मग कुणी तो मागे फिरवत नाही. पण माझ्याकडे जुना दाखला नाही, हे नुसतं कानाचं मत.

प्रतिसाद, बडोद्यातूनच

ताई, बोणी म्हणताना एक सांभाळा. गुजरातीत बोणी दोन. एक सकाळची, आणि दुसरी दिवाळी-नवीन वर्षाला पोस्टमन, कामवाली, वॉचमन यांना द्यायची. तिला आपण मराठीत पोस्त म्हणतो. माझी मुलं आता "काकांना बोणी दिली का" असंच विचारतात, पोस्त त्यांना कळतच नाही. मला भवानीपेक्षा पोस्त जाण्याचं जास्त वाईट वाटतं.

प्रतिसाद, पुन्हा इंदूरहून

राहून गेलं. आजी धान्य मापताना पहिल्या मापाला "एक" म्हणत नसे. "लाभ" म्हणायची, मग दोन, तीन. पहिल्या आकड्याचंही पहिल्या विक्रीसारखंच आहे, त्याला मोकळं सोडायचं नाही.

माझं उत्तर

लाभ! माझ्या वडिलांकडून ऐकलेलं, पार विसरले होते. तुर्की विक्रेत्यांची एक म्हण तिथंच समजली : "सिफ्ताह सेंदेन, बेरेकेत अल्लाहतान." सिफ्ताह तुझ्याकडून, बरकत देवाकडून. बेरेकेत म्हणजे आपली बरकत, जशीच्या तशी.

पोस्तबद्दल अगदी मान्य. या दिवाळीपासून आमच्याकडे पोस्तच म्हणायचं.

दुपारनंतरचं सांगायचं राहिलं. फातिहहून आम्ही कापालीचार्शीला गेलो, म्हणजे छपराखालचा मोठा बाजार, आणि तिथून महमूतपाशाच्या उतारावरून मसाल्यांच्या बाजारापर्यंत चालत. पाझार आणि चार्शी हे दोन वेगळे. पाझार भरतो आणि उठतो, आपल्या आठवडेबाजारासारखा. चार्शी कायमची, आपली पेठ. आणि शब्दाचं मूळ फारसी चहार-सू, चार बाजू. बडोदेकरांनी जुन्या शहराच्या मधोमध उभी असलेली मांडवी डोळ्यांसमोर आणावी : चारही बाजूंना कमानी, चार दिशांना चार रस्ते, चार दरवाजे. चार्शांबातही तोच चार, शनिवारनंतरचा चौथा दिवस.

तुर्कीत रविवारचं नावच पाझार. मंगळवारच्या बाजाराला साली पाझारी म्हणतात, म्हणजे शब्दशः मंगळबाजार. त्या नावाचा एक मोहल्लाही बॉस्फरसच्या काठी आहे, आमच्या मंगळबाजारासारखाच वार फक्त नावात उरलेला.

परवा सकाळी खंडेराव मार्केटात फुलं घ्यायला गेले. गजरेवाल्याची मी पहिली गिऱ्हाईक. मुद्दाम थांबून पाहिलं. त्याने नोट आधी तागडीला लावली, मग कपाळाला. मी म्हटलं, "भवानी झाली." तो म्हणाला, "हो ताई, बोणी झाली."