मदत हवी आहे : हातात धरून खेळायचा कन्सोल नेमका केवढा असावा?

सोलापुरात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आम्ही काही मित्र हातात धरून खेळायचा कन्सोल, म्हणजे व्हिडिओ गेमचे यंत्र, तयार करत आहोत. त्याच्या आकारावर आमचे एकमत होत नसल्याने जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

निन्टेन्डोने २०१७ साली आणलेला स्विच हा कन्सोल टीव्हीला जोडता येतो आणि त्याचे कंट्रोलर सुटे होतात. २०१९च्या स्विच लाइटमध्ये या दोन्ही सोयी काढून पडदा ६.२ वरून ५.५ इंचांवर आणला, तेव्हा वजन सुमारे ४०० ग्रॅमवरून २७५ ग्रॅमपर्यंत उतरले. उलट ७ इंची पडदा आणि लॅपटॉपसारखे दोन ट्रॅकपॅड असलेल्या, व्हॉल्व्ह कंपनीच्या पहिल्या स्टीम डेक कन्सोलवर संगणकावरचे गेमही चालतात, पण त्याचे वजन ६६९ ग्रॅम आहे. माझा कल लाइटकडे आहे, कारण जे यंत्र सोबत नेणे जड वाटते ते अखेर घरीच पडून राहते.

खरी अडचण उष्णतेची आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी पंखा बसवला तर जाडी वाढते, आणि न बसवला तर प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो व खेळ अडखळतो. आम्ही रास्पबेरी पाय कम्प्युट मॉड्यूल ४ हा छोट्या पाटीवरचा संगणक वापरणार आहोत. ५५ बाय ४० मिलिमीटरच्या या मॉड्यूलखाली बॅटरी ठेवली तर ती तापते; शेजारी ठेवली तर रुंदी वाढते.

पाठीला ॲल्युमिनियमचा पत्रा लावून, पंख्याशिवाय कोणी असे यंत्र केले आहे का? टीव्हीसाठीचे एचडीएमआय पोर्ट ठेवावे, की ती जागा बॅटरीला द्यावी?